सभासद नसलेल्यांची वही



जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या महामार्गावर आमचे तालुक्याचे गाव आहे. गावाचे नाव मुद्दामच सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात आमच्या काही मंडळींची भांडणे येतात, आणि ती मंडळी अजून एकमेकांशी बोलतात. ते बोलणे माझ्यामुळे बंद पडायला नको.

गावात एक जुने सार्वजनिक वाचनालय आहे. मी बाजार समितीत कारकून, आणि बरीच वर्षे या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रे असतात. ती कोणीही यावे आणि वाचावीत, पैसा लागत नाही. याला आपल्याकडे मुक्तद्वार विभाग म्हणतात. आतल्या खोलीत पुस्तकांची कपाटे. पुस्तक घरी न्यायचे तर वर्गणी आणि अनामत रक्कम. आणि दोन खोल्यांच्या मधल्या टेबलावर एक लांबोडकी वही असते, तिला दोरीने बांधलेले पेन. वहीवर लिहिलेले असायचे, 'सूचना व अभिप्राय, फक्त सभासदांसाठी.'

आज बोलायचे आहे ते त्या 'फक्त' या शब्दाविषयी.

माझे बालपण धुळ्यात गेले. अब्बा पिंजारी. गाद्या, रजया भरून द्यायचे. पिंजणाची तार दिवसभर वाजायची आणि घरातल्या सगळ्यांच्या डोक्यावर कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. १९८० च्या सुमाराची गोष्ट, मी अकरा वर्षांचा असेन. शाळा सुटली की एका वाचनालयाच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचो. तिथे 'किशोर' मासिक यायचे. एकदा एका अंकातले गोष्टीचे शेवटचे पानच कोणीतरी फाडून नेलेले. गोष्ट अर्धी राहिली. मला फार राग आला. टेबलावर सूचनांची वही होती, तीत मी माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात लिहिले की 'किशोर' मासिकाची पाने फाडू नयेत, आणि शक्य असेल तर तो अंक पुन्हा आणावा. खाली नाव, वडलांचे नाव, इयत्ता, शाळा.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले असेल म्हणून पाहिले. माझ्या दोन ओळींवर लाल पेन्सिलीची आडवी रेघ होती आणि बाजूला दोन शब्द, 'सभासद नाही.'

लिहिणाऱ्याने काही वाईट केले असे आज म्हणणार नाही. नियम होता, त्याने तो पाळला. पण मला रेघ नीट आठवते. ती सरळ नव्हती, घाईत मारलेली होती. घरी सांगितले तेव्हा अब्बांनी विचारले, "बेटा, अनामत कितनी है?" मी आकडा सांगितला. ते थोडा वेळ तार ठाकठीक करत बसले, मग म्हणाले, "होगा. अपन पेपर तो पढ सकते ना." खरेच होते ते. वाचायला कोणी अडवले नव्हते.

मुक्तद्वार हा शब्द आपल्याकडे सहजासहजी आलेला नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, पुण्याचे नेटिव्ह जनरल लायब्ररी म्हणून निघाले ते १८४८ चे, आमच्या जळगावचे व. वा. वाचनालय १८७७ चे. वाचनालये तेव्हा वर्गणी देऊ शकणाऱ्यांच्या जोरावर चालत. हे दार सगळ्यांसाठी उघडावे असे ज्यांना मनापासून वाटले त्यांत एक आपल्या शेजारचाच माणूस आहे. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यात जन्मलेला एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला. सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेत गेले, तिथली फुकट वाचनालये पाहिली, आणि १९१० साली बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला थेट अमेरिकेतून बडोद्याला घेऊन आले. पुढे त्यांच्या राज्यात पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या.

दुसरे नाव घेताना मला जरा जास्तच बरे वाटते, ते लपवत नाही. १९३९ साली मुंबई सरकारने ग्रंथालयांच्या वाढीसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते असफ अली असगर फैजी, मुस्लिम कायद्याचे गाढे पंडित. मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून जिल्हा, तालुका करत थेट गावापर्यंत वाचनालयांची शिडी असावी, असा आराखडा त्यांच्या समितीने दिला. तो लगेच अमलात आला नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९६७ साली. पण आमच्या गावच्या बाहेरच्या खोलीत जो कोणी विडी विझवून पेपर उघडतो, त्याच्या त्या बाकाशी फैजीसाहेबांचाही थोडा संबंध आहे.

तर दार उघडले. पण ते डोळ्यांपुरते उघडले. ज्याने वर्गणी भरली त्याने बोलावे, बाकीच्यांनी वाचावे आणि उठून जावे, ही वाटणी तशीच राहिली. आणि ती केवळ वाचनालयात होती असेही नाही.

१९३६ साली मराठी साहित्य संमेलन जळगावात भरले होते. अध्यक्ष माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन. फारसीचे प्राध्यापक, फार्शी-मराठी कोश करणारे, मराठीत गझल रुजवणारे. त्यामुळे माझ्यासारख्याला ते घरचेच वाटतात. त्याच वर्षी त्याच जळगावात बहिणाबाई चौधरी राहत होत्या. घरात, शेतात, जात्यावर त्यांची गाणी चाललेली होती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता, कोणाला ते सुचणेही शक्य नव्हते. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले १९५२ साली. मुलाने, सोपानदेवांनी, गाणी उतरवून ठेवली होती आणि आचार्य अत्र्यांनी ती मनावर घेतली म्हणून निघाले. ज्यांच्या घरी सोपानदेव नव्हते त्या बायकांचे काय झाले, हा विचार मला अधूनमधून छळतो.

माझे स्वतःचे सांगायचे तर मराठीत मी पुष्कळदा पाहुणा असतो. कविता वाचून खाली उतरलो की कोणीतरी प्रेमाने हात धरते आणि म्हणते, "तुमचे मराठी किती छान आहे हो!" मी 'थँक्यू' म्हणतो. आता यात रागवायचे काय? माणूस कौतुकच करत असतो. पण शेजारच्या पाटील कवीला असे कोणी म्हणत नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा मी कॉलेजात होतो. ती बातमी वाचली आणि वाटले, चला, एक जागा झाली जिथे मराठीबद्दल आपले कौतुक होणार नाही.

एवढे सगळे पोटात असलेल्या माणसाने पुढे काय केले ते ऐका.

२०११ साली आमच्या मंडळाच्या बैठकीत ग्रंथपालताईंनी एक विषय मांडला. सूचनावही सगळ्यांसाठी खुली करावी, आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी होणाऱ्या वाचक सभेत सभासद नसलेल्यांनाही बोलू द्यावे. त्यांचे म्हणणे सरळ होते. बाहेरच्या खोलीत रोज बसणारे लोक आत पुस्तके नेणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांचे काय म्हणणे आहे हे आपल्याला कळतच नाही.

विरोध झाला. आमचे आबा, म्हणजे मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सदस्य, म्हणाले, "वर्गणी आम्ही भरायची, हिशेब आम्ही द्यायचे, आणि बोलणार फुकटे?" दुसऱ्या एकाने विचारले, "उद्या ते मतदानही मागतील." तिसरा म्हणाला, वहीत लोक घाण लिहितील. यातला प्रत्येक मुद्दा विचार करण्यासारखा होता. संस्था नोंदणीकृत असते, कोणाला मत आहे आणि कोणाला नाही हे घटनेत लिहिलेले असते, ते गमतीवर नेता येत नाही.

मतदान झाले. मी विरोधात हात वर केला.

कारण मी बैठकीत सांगितले नाही, आज सांगतो. मंडळावर मी एकटा मुसलमान. खुल्या वहीत कोणी येऊन काय लिहील, माझ्याबद्दल काय लिहील, ते दुसऱ्या दिवशी सगळे गाव वाचील, याची मला भीती वाटली. सभासदांच्या वहीत मी सुरक्षित होतो. एकदा आत शिरलेल्या माणसाला दार लोटून घ्यावेसे वाटते. घरी येताना ती लाल पेन्सिल आठवली, आणि लाजही वाटली, पण हात तर वर होऊन गेला होता.

विषय एका मताने पडला. तीन महिन्यांनी ताईंनी तो पुन्हा आणला. या वेळी त्यांनी नियमच लिहून आणले होते. लिहिणाऱ्याने नाव आणि गाव लिहावे. कोणाचेही लिखाण खोडू नये, पान फाडू नये. प्रत्येक सूचनेखाली आठ दिवसांत मंडळाचे उत्तर लिहावे, 'जमणार नाही' असे का होईना. शिवीगाळ असेल तर तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवावी आणि पट्टीवर लिहावे की हे मंडळाने झाकले आहे. मतदान सभासदांचेच राहील. आणि सहा महिने करून बघू, नाही जमले तर बंद.

उत्तराची कल्पना त्यांना कुठून सुचली, तर रेडिओवरून. ऐकणाऱ्यांनी पोस्टकार्डे टाकायची आणि निवेदकाने त्यांचे नाव-गाव वाचून उत्तर द्यायचे, हा कार्यक्रम आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. झुमरीतलैया हे गाव नकाशात कुठे आहे हे ठाऊक नसलेल्यांनाही फरमाईश पाठवणारे गाव म्हणून माहीत असते, ते उगाच नाही. आपले नाव वाचले जाते म्हणून माणूस पुन्हा कार्ड टाकतो.

दुसऱ्या वेळी मी बाजूने हात वर केला. आबांनी माझ्याकडे पाहिले, पण काही बोलले नाहीत.

पहिला महिना वही कोरीच होती. पाटी बदलली तरी लोकांचा विश्वास बसेना. मग शायरी सुरू झाली. प्रेमात पडलेल्या पोरांना कागद मिळाला की काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यातले बरेच शेर चुकीचे लिहिलेले असायचे. ते मी गुपचूप दुरुस्त करायचो, खोडायचे नाही हा नियम असतानाही. तेवढा गुन्हा कबूल. एकाने तर मोबाईल नंबर लिहून खाली 'म्हैस विकणे आहे' एवढेच लिहिले. मंडळाने उत्तर दिले, 'नोंद घेतली.'

आणि मग एके दिवशी एका बाईंनी लिहिले. नाव, गाव, खाली तीन वाक्ये. बाहेरच्या खोलीतले बाक दाराकडे तोंड करून आहेत. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण बसणाऱ्याकडे बघतो, म्हणून बायका येत नाहीत. एक बाक भिंतीकडे फिरवा.

श्रोतेहो, ते बाक माझ्या माहितीत तीस वर्षे तसेच होते. मंडळावर आम्ही नऊ पुरुष आणि ग्रंथपालताई. ताईंची खुर्ची आतल्या खोलीत, त्यामुळे त्यांच्याही लक्षात आले नव्हते. बाक फिरवायला दोन माणसे आणि पाच मिनिटे लागली. पहिल्या आठवड्यात तिथे कोणीच बसले नाही. मग दोघी आल्या. आता दुपारी त्या बाकावर जागा नसते.

चोपड्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका मुलाने लिहिले. तो तडवी. तडवी म्हणजे आदिवासी भिल्ल आणि धर्माने मुसलमान, त्यामुळे दोन्हीकडचे त्याला अर्धाच मोजतात. स्पर्धा परीक्षेसाठी आमच्या गावी खोली घेऊन राहिलेला. त्याने लिहिले होते, 'आम्ही पाच जण एका खोलीत राहतो. वाचनालय नऊला उघडते. सकाळी सहाला उघडाल का? झाडू आम्ही मारू.' यावर दोन बैठका झाल्या. किल्ली कोणाकडे द्यायची, यावर आबा अडून बसले. शेवटी किल्ली त्या मुलांकडेच गेली आणि आबाच रोज साडेसहाला फिरायला निघाल्यावर डोकावून जाऊ लागले. सुरुवातीला पाळत ठेवायला, नंतर चहा प्यायला.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने कोणाकडून तरी लिहवून घेतले, 'आमनी अहिरानीमा एखादं पुस्तक शे का?' तेव्हा आमच्या कपाटांत अहिराणीचे एकही पुस्तक नव्हते. खानदेशातले वाचनालय! उत्तर लिहायला मलाच सांगितले, आणि 'नाही' हा शब्द लिहायला मला पाच मिनिटे लागली. पुढे काही पुस्तके आणली, पण ते बाबा पुन्हा आले नाहीत.

आता अवघड गोष्ट. ६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात दंगल झाली. पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. धुळे आमच्यापासून लांब नाही, आणि माझे तर ते जन्मगाव. त्या आठवड्यात वाचनालयातही लोक पेपर उघडायचे आणि कोणाशी न बोलता मिटायचे. दहा-बारा दिवसांनी वहीत एक ओळ आली. वाचनालयात उर्दू पेपर कशाला, तो बंद करा, आणि मंडळावर कोण बसले आहे तेही बघा. खाली नाव नाही, गाव नाही.

जिची भीती होती ती ओळ आली होती. तातडीची बैठक झाली. दोघांनी सुचवले, पान फाडू आणि वहीच बंद करू, तुम्हाला त्रास नको. ते माझ्या काळजीपोटीच बोलत होते. मलाही मनातून तेच हवे होते. ताई म्हणाल्या, शिवी नाही, तेव्हा पट्टी लावता येत नाही. नाव नाही, तेव्हा उत्तर देणे बंधनकारक नाही. आणि खोडायचे नाही हे तर ठरलेले आहे. आबांनी विचारले, "तुमचं काय म्हणणं?" मी म्हणालो, उत्तर मी लिहितो.

मी लिहिले ते एवढेच. 'उर्दू पेपर एका वाचकाच्या खर्चाने येतो, वाचनालयाचा पैसा त्यात नाही. मंडळावरील सर्वांची नावे दारावरील फलकावर आहेत.' खाली माझे पूर्ण नाव. अक्षर 'किशोर'च्या तक्रारीइतके चांगले आले नाही. हात थरथरत होता.

पुढच्या काही दिवसांत त्या पानावर आणखी लोकांनी लिहिले. एका निवृत्त गुरुजींनी लिहिले, पेपर बंद करू नये. एकाने लिहिले, मला उर्दू येत नाही पण मी फोटो बघतो, चालू ठेवा. आणि एकाने पहिल्या ओळीला पाठिंबा दिला. नाव, गाव, सगळे लिहून.

त्याला मी शोधून काढले. भांडायला नव्हे, नाव लिहिल्याबद्दल मला त्याचे थोडे बरेच वाटले होते. त्याच्या भाच्याचे धुळ्यात दुकान, ते त्या दिवसांत बंद राहिले होते, आणि घरच्यांचे दोन दिवस कसे गेले ते त्याने सांगितले. माझ्या बहिणीचे दोन दिवस कसे गेले ते मी सांगितले. चहा झाला. पैसे त्याने दिले. त्याचे मत बदलले असे काही मला दिसले नाही, माझेही बदलले नाही. तो अजून वाचनालयात येतो. कधी नमस्कार करतो, कधी करत नाही. बिननावाची ओळ कोणाची हे मला आजवर कळलेले नाही. बाहेरच्या खोलीत बसलेल्यांकडे बघताना सुरुवातीला प्रत्येकाचाच संशय यायचा. ते हळूहळू कमी झाले.

वाचक सभेचे मात्र वहीइतके जमले नाही. पाहुणे येतात, पण मागे चपलांजवळ बसतात आणि आमचेच नेहमीचे चौघे बोलत राहतात. त्या चौघांत मीही आहे. खुर्च्या गोल मांडून पाहिल्या, तर पाहुणे उभेच राहिले. सभेच्या शेवटी 'कोणाला काही बोलायचे आहे का' असे विचारले की शांतता पसरते, आणि सभा संपल्यावर पायरीवर खरी सभा भरते. मग ताई पायरीवर जाऊन उभ्या राहू लागल्या. सध्या तरी असेच चालू आहे.

आबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या शोकसभेला सकाळची सहाची मुले सगळ्यांत पुढे बसली होती. तो तडवी मुलगा आता वनखात्यात आहे, रजेवर आला की डोकावून जातो.

वही आता सहावी चालू आहे. जुन्या पाचही आतल्या कपाटात ठेवल्या आहेत, कोणालाही मागून बघता येतात. कालच बघून आलो. शेवटची सूचना आठवीतल्या एका मुलीची आहे. तिने लिहिले आहे की ती डावखुरी आहे, पेन उजवीकडे बांधलेले आहे आणि दोरी पुरत नाही, तरी दोरी लांब करावी. खाली ताईंच्या अक्षरात उत्तर आहे, 'शनिवारपर्यंत करतो.' सुतळी मीच घेऊन जाणार आहे.